शेऱ्याचा रकाना

सोनेगावच्या धावपट्टीवर बाबा कावळे मारत.
पगारी काम होतं. ओळखपत्रावर छापलेलं:
दौलत नेवारे, पक्षी नियंत्रण,
आणि फोटोत ते स्वतःच दचकल्यासारखे.

दुनळी बारा बोअरची, डाव्या नळीत किंचित खोट.
काडतुसं मोजून मिळायची, रिकामी मोजून परत द्यायची
आणि संध्याकाळी रजिस्टर माझ्यापुढे,
कारण बाबांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.
मी सातवीत. निळ्या शाईनं, ओळ न सोडता:
काडतुसे पाच. कावळे तीन.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, हुकलेल्यांसाठी.
"लिही, वारा होता."
"लिही, ऊन डोळ्यावर आलं."
मे महिन्यात एकदा, लागोपाठ चार हुकल्यावर,
खाटेवर आडवे होत म्हणाले,
"लिही न बाई, कावळा हुशार."

मी लिहिलं.
आठवड्यानं लाल शाईत उत्तर आलं:
हे कारण ग्राह्य नाही.

पण ते होतेच.
छर्रा पन्नास पावलं मारतो,
ते एक्कावन्नाव्यावर बसत.
छत्रीच्या कापडात दुनळी गुंडाळून नेली
तर एक दिवस फसले,
मग पावसाळाभर साऱ्या साहेबांच्या छत्र्यांवर ओरडले.

एक पडला की बाकीचे पळत नसत.
आभाळ भांडायला उठायचं,
आणि त्याच्याखालून बाबा मान घालून जात,
पडलेल्याला पायाला धरून उचलत;
पंख आपोआप उघडत.
"जवळून काळा नसतेच तो," मला सांगत,
"निळा असते, जांभळा, मानेपाशी राख."
हे लिहायला रकाना नव्हता.

मग ते सायकलमागे घरी येऊ लागले.
बाबांनी रस्ता बदलला, खामल्यावरून वळसा घेतला.
सायकल बदलली.
शेवटी हेल्मेट.
अख्ख्या जयताळ्यात हेल्मेट घालून सायकल चालवणारा
एकच माणूस, आणि तो माझा बाप.
आईच्या कुरडया गच्चीवरून घरात, पंख्याखाली आल्या.
"मेल्यावर पिंडाले कोण शिवन तुमच्या?"
बाबांनी पोह्यांवर तर्री ओढून घेतली.
"नाही शिवले तर पोरगी शेरा लिहीन."

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा.
महिनाभर विमानं उतरत, कावळे उतरत,
कुणाचं काही अडत नसे.
बाबा त्या महिन्यात कमी बोलत.

मग गॅसवर धडाम् करणारं यंत्र आलं.
त्याला रजिस्टर लागत नव्हतं.
निरोपाच्या दिवशी शाल, नारळ,
आणि फ्रेममधल्या कागदावर
दौलत निवारे.

आता एकोणऐंशीचे आहेत.
फाटकावरचा पोरगा आत सोडत नाही,
जुने साहेब ओळखत नाहीत,
पेन्शनच्या खिडकीत दर नोव्हेंबरला
जिवंत असल्याचा अंगठा.

कावळे ओळखतात.
ज्यांनी दुनळी पाहिली ते केव्हाच मेले असतील,
हे त्यांचे नातू-पणतू असणार, कुणीतरी शिकवलेले.
सकाळी सहाला समोरच्या निंबावर भरतात.
बाबा उघड्या डोक्यानं गच्चीवर जातात,
हात मागे बांधून उभे राहतात,
पंधरा मिनिटं, पूर्ण शिवीगाळ ऐकून घेतात.
मग खाली येऊन चहा मागतात, ताजे दिसतात.

काल निंब रिकामा होता.
बाबा दोनदा वर गेले. तिसऱ्यांदा मी मागोमाग.
त्यांनी हातातली काठी उचलली,
खांद्याला लावली, डावा डोळा मिटला,
आणि रिकाम्या फांदीवर नेम धरून थांबले.
मनगट थरथरत होतं. काठीचं रबर सुटलेलं.

आमच्या मागून, पाण्याच्या टाकीवरून,
एकजण ओरडला.

बाबांनी काठी खाली घेतली.
वळून पाहिलं नाही.
"आहे न बे," म्हणाले.